पायाळू खलाशी

समुद्रानं म्हस्के घराण्याला घडवलं, असं आप्पासाहेबांनी त्या दिवशी सकाळी आरशासमोर फेटा बांधता बांधता जाहीर केलं. हर्सूलहून समुद्र गाठायचा तर अख्खी रात्र एसटीत बसावं लागतं, आणि घराण्यातल्या एका माणसाखेरीज आजवर कुणी तेवढा वेळ बसलेलं नव्हतं. त्यांच्या पत्नी द्वारकाबाईंनी पैठणचा नाथसागर पाहिला होता, आणि समुद्र म्हणजे तेवढाच, जरा खारट, असं त्यांचं मत होतं. मत बदलण्यासारखं पुढं काही घडलं नाही.

आप्पासाहेबांची वाक्यं साधारण याच जातीची असत. रझाकारांविरुद्धच्या लढ्यात आपण होतो, असं ते दर सतरा सप्टेंबरला झेंड्याखाली सांगत. ते होते हे खरं. लढा चालू असताना बारा वर्षांचे आप्पासाहेब ज्वारीच्या जमिनीखालच्या पेवात होते, आणि पोलीस ॲक्शन संपल्याचं कळल्यावर बाहेर आले होते. पाटीलकी गेली, पेव बुजलं, पण त्याच्या तोंडावर घोंगडी ओढून आत बसल्यासारखं बोलायची सवय राहिली.

आजचं वाक्य दुपारी फुलंब्रीत पुन्हा म्हणायचं होतं, म्हणून ही तालीम. फुलंब्रीच्या पुंजाराम पाटलांच्या प्रयागशी पुतण्याची, म्हणजे बन्सीची, सुपारी फोडायची होती.

"आप्पा, तिथं संशोधन-बिंशोधन काही सांगू नका," बन्सी दाढी करता करता म्हणाला. "मी विंच चालवतो."

"म्हणजे काय करतो?"

"वायरीला यंत्र बांधून खाली सोडतो. तळाचं पाणी, गाळ, काय असंल ते वर घेतो. साहेब लोक मग त्याच्यात बघत बसतात."

"संशोधन वर कोण आणतं मग?"

"आणतो मीच."

"झालं तर," आप्पासाहेब म्हणाले आणि फेट्याचा शेमला सोडला.

द्वारकाबाई चहा घेऊन दारात उभ्या होत्या. "म्हणजे मोटच की ती. बैल तेवढे सरकारचे."

"तसंच म्हणा, मोठी माय."

"अन् त्या पाण्याचं काय करतात?"

"बाटल्यांत भरतात थोडं. उरलेलं परत समुद्रात ओततात."

त्या वर्षी हर्सूलच्या तलावात पोरं क्रिकेट खेळत होती आणि गल्लीत टँकर आला की बायका एकमेकींच्या झिंज्या धरत होत्या. बन्सीनं शिवी दिली असती तर कुणाला एवढं लागलं नसतं.

बन्सी आधी जायकवाडीच्या कालव्यावर क्रेन चालवायचा. कालव्याचं काम संपत आलं तेव्हा कुणीतरी सांगितलं की, गोव्याला सरकारचं समुद्राचा अभ्यास करणारं जहाज आहे, तिथं विंचवर माणूस पाहिजे. क्रेन आणि विंच ही चुलतभावंडंच. बन्सी गेला, तो वर्षातून एकदा रजेवर येऊ लागला. हर्सूलमध्ये एखादा तरुण वर्षभर दिसला नाही तर लोक काळजी करत नाहीत. जेल गावातच आहे. पहिल्या खेपेला तो आला तेव्हा पानवाल्यानं आपुलकीनं विचारलं होतं, "सुटला का? किती राहिली अजून?" लोकांची तोंडं बंद करायला आप्पासाहेबांनी 'संशोधक' हा शब्द काढला. शब्द भारी होता. गावात कुणालाही त्याचा अर्थ विचारायचं धाडस झालं नाही.

पण पुंजाराम पाटलांची अट होती: जावई जमिनीवर पाहिजे. आणि पुंजाराम पाटलांच्या हातात पाच गावांची मतं होती, आणि खरेदी-विक्री संघाची निवडणूक उन्हाळा संपता संपता होती, आणि आप्पासाहेबांना संघाचं चेअरमन व्हायचं होतं. त्यामुळे ज्या समुद्रानं घराण्याला घडवलं त्या समुद्राला बन्सीनं आता रामराम ठोकावा, असं ठरलं होतं. ठरवताना बन्सीला विचारलं नव्हतं. तशी घराण्यात पद्धत नव्हती.

"नोकरी सोडली, असं तिथं सांगायचं," आप्पासाहेब म्हणाले.

"सोडली कुठं? परवा मला निघायचंय. या खेपेला हजर नाय झालो तर विंचवर दुसरा बसंल. मग जन्मात ती जागा मिळायची नाय."

"घरची जमीन काय तुला खायला उठली का?"

"जमिनीवर बद्रीनाथ हाय ना," द्वारकाबाई मध्येच म्हणाल्या. बद्रीनाथ त्यांचा मुलगा. "पोराला आवडतंय तर जाऊ द्या की. जुलूम कामून करू राहिले?"

एखाद्या चुलतीनं पुतण्याची इतक्या मायेनं बाजू घ्यावी, हे कुणालाही कौतुकाचं वाटलं असतं. जळगाव रोडला लागून असलेल्या शेताचे प्लॉट पडणार होते आणि पुतण्या जितका लांब, तितके ते प्लॉट जवळ, एवढाच त्या मायेचा हिशेब होता. घरात बन्सीच्या जहाजाच्या बाजूनं बोलणारं माणूस म्हणजे त्या एकट्या. आपल्या वकिलाकडं बघून बन्सीला फार धीर आला असं नाही.

बन्सीची आई लक्ष्मीबाई कोपऱ्यात नारळ, पेढे आणि साडी पिशवीत भरत होती. ती जहाजाच्या विरुद्ध होती आणि तिचं कारण साधं होतं. "झोपेत कूस बदलली अन् पडला म्हंजी?" हे ती तीन वर्षं विचारत होती. जहाजाला कठडा असतो, खोल्या असतात, हे तिला सांगून झालं होतं. कठडा गच्चीलाही असतो, म्हणून माणसं पडत नाहीत का, असं तिचं म्हणणं. नवऱ्यामागं एक पोरगा, त्याच्या खाली जमीन असावी एवढंच तिला हवं होतं. त्यामुळे या एका बाबतीत ती आणि आप्पासाहेब एका बाजूला होते. दोघांनाही त्याचं आश्चर्य वाटत होतं.

जीपमध्ये बन्सी मागं बसला. शेजारी बद्रीनाथ हर्सूलचा नाका ओलांडायच्या आत झोपला. बाहेर माळ, तुरीची खोडं, रिकामे हातपंप. समुद्राच्या तळाशी यंत्र टेकलं की वायर सैल पडते. तो क्षण विंचच्या दांड्यावर ठेवलेल्या बन्सीच्या तळहाताला कळायचा. खाली अख्खा डोंगर मावेल एवढं पाणी, आणि तळाची खबर पहिल्यांदा त्याच्या हातात यायची, मग साहेबांच्या कागदावर. यंत्र वर यायला तीन-चार तास लागत. तेवढा वेळ कुणी त्याच्याशी बोलायचं नाही. आणि बोललं तरी, तो कुणाचा पुतण्या, हे जहाजावर कुणी विचारत नव्हतं. या गोष्टीसाठी कुणी नोकरी करतं, हे जीपमध्ये कुणाला सांगण्यासारखं नव्हतं.

पुंजाराम पाटलांनी तोवर मळ्यात तीन विहिरी खोदल्या होत्या. घरातलं भंगार टाकायची त्यामुळे फार चांगली सोय झाली होती. पाहुण्यांना त्यांनी ओसरीवर सतरंजीवर बसवलं आणि एकेकाला पेला-पेला पाणी दिलं. त्या वर्षी पाणी पूर्ण पेला भरून देणं हा मोठा मान होता आणि तो पाहुण्यांच्या लक्षात यावा म्हणून पुंजाराम पाटील प्रत्येक पेला संपेपर्यंत बघत उभे राहिले.

आप्पासाहेबांनी घसा साफ केला. "समुद्रानं आमच्या घराण्याला..."

"ते असू द्या हो," पुंजाराम म्हणाले. "पोरगा पायाळू हाय ना पण?"

आप्पासाहेब वाक्य तोंडात तसंच धरून बसले.

"तर!" लक्ष्मीबाई आतल्या दारातून म्हणाली. "पायाकडून झाला माझा बन्सी. दगडाबाई सुईण होती, तिला विचारा. म्हणजे, आता नाय ती. पण पायाकडूनच. म्हणून तर सरकारनं नेला ना त्याला पाण्यावर."

पुंजाराम पाटलांनी मान डोलावली. फुलंब्री तालुक्यात हे कुणाला पटवून द्यावं लागत नाही. पायाकडून जन्मलेल्या माणसाला जमिनीच्या पोटातलं पाणी कळतं. तो अनवाणी चालला की पाण्याच्या झऱ्यावर त्याच्या तळपायाला मुंग्या येतात. सरकारला समुद्रात पाणी शोधायचंय, तर सरकार पायाळू माणूस नेणार. तिथं काय डोक्याकडून झालेले नेणार? समुद्रात पाणी शोधायला लागतं का, हा प्रश्न त्या ओसरीवर कुणाच्या मनात आला नाही.

म्हणजे पुंजाराम पाटलांना जावई नको होता. पाणाड्या हवा होता, कायमचा, घरातला. आप्पासाहेबांना हे तेव्हा कळलं, आणि 'संशोधक' शब्दावर आपण इतकी वर्षं विनाकारण मेहनत घेतली याचं त्यांना वाईट वाटलं.

"मामा," बन्सी म्हणाला, "एक स्पष्ट सांगतो. मी साहेब नाय. खलाशी हाय. मशिनीनं वायर खाली सोडतो अन् वर घेतो. गंज खरवडतो, डेक धुतो. पाणी मला कळत-बिळत नाय. समुद्रात जिथं हात घालाल तिथं पाणीच हाय."

"खलाशी?" पुंजाराम म्हणाले.

आप्पासाहेबांनी डोळे मिटले. संघाचं चेअरमनपद त्यांना फेटा काढून लांब जाताना दिसलं.

द्वारकाबाईंना मात्र ते जवळ येताना दिसलं, आणि सोबत सूनही. नारळ आणलेला, पेढे आणलेले, पाट मांडलेला. पाटावर माणूस तेवढा बदलायचा. "आमचा बद्रीनाथ हाय की," त्या घाईनं म्हणाल्या. "दादा, तो जमिनीवरच असतो. चोवीस तास. हलत म्हणून नाय."

भिंतीला टेकून झोपलेल्या बद्रीनाथनं याचा पुरावा दिला.

"तो पायाळू हाय का?"

"डोक्याकडून झाला," द्वारकाबाई म्हणाल्या. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना याची लाज वाटली.

"मग काय उपेग?"

लक्ष्मीबाई दारातून पुढं आली. पोरगा पाटावर बसायच्या आधीच जावेनं पाट ओढला, हे तिला सहन होण्यासारखं नव्हतं. "जाऊबाई, तुमचा बद्री राहू द्या. माझ्या लेकाच्या हातावर सरकारचं जहाज चालतं! वायर सुटली तर लाखाचं यंत्र समुद्रात जातं, साहेब लोक त्याला विचारल्याबिगर पाऊल टाकत नाहीत. खलाशी म्हणून काय झालं? इज्जतीचं काम हाय ते."

तीन वर्षं ती ज्या कामाला रडली, त्याचं तिनं केलेलं हे पहिलं कौतुक. आणि सकाळी जहाजाची वकिली करणाऱ्या द्वारकाबाई त्याच दमात म्हणाल्या, "इज्जत कसली? दुसऱ्याचं पाणी शेंदायचं अन् परत ओतायचं!" दोघी जावांनी बाजू कधी बदलली ते त्यांनाही कळलं नाही.

पुंजाराम पाटील मात्र बन्सीकडं टक लावून बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू समाधान पसरलं.

"खरा पायाळू कधी कबूल करत नसतो," ते म्हणाले. "जो म्हणतो मला कळतं, तो लबाड. मागच्या तीन विहिरींना मी असेच तीन लबाड आणले. तिघंबी छातीवर हात मारून गेले. हा पहिला माणूस नाय म्हणणारा." ते उठले. "चला मळ्यात. चप्पल काढून ठेवा, जावईबापू."

"अहो, पण मी सांगू राहिलो ना, मला काहीच..."

"बघा! बघा कसा म्हणतो!"

प्रयाग मागच्या पडवीतून सगळं ऐकत होती. ती रोज एसटीनं कॉलेजला शहरात जायची, बी.ए.चं शेवटचं वर्ष होतं आणि पुढं बी.एड. करून मास्तरीण व्हायचं तिच्या डोक्यात होतं. आजवर दोन स्थळं आली होती. दोन्ही मुलगे घरीच असायचे, आणि घरी असणाऱ्या नवऱ्याला वेळेवर भाकरी लागते. तिसरा वर्षातून दहा महिने पाण्यावर असतो हे ऐकल्यापासून तिला या स्थळात फारसा दोष दिसला नव्हता. आता त्याला कायमचा जमिनीवर आणणार, हे तिला आजच कळत होतं. एवढा चांगला नवरा हे लोक वाया घालवू पाहत होते.

मळ्यात एप्रिलचं ऊन होतं. काळी जमीन तव्यासारखी तापली होती. बन्सी पँट दुमडून अनवाणी चालत होता. मागं चपला घातलेलं अख्खं वऱ्हाड.

"काही वाटतंय का पायाला?" पुंजाराम दर दहा पावलांनी विचारत.

"चटके बसतात, मामा."

"मुंग्या?"

"चटके."

"सुरुवात चटक्यांनीच होत असंल," आप्पासाहेब म्हणाले. ते आता पायाळूपणाचे जाणकार झाले होते.

शेवटी बन्सी थांबला. तिथं एक बाभूळ होती आणि बाभळीखाली सावली होती. थांबायला एवढं कारण पुष्कळ झालं. पण तो थांबला हे सगळ्यांनी पाहिलं. पुंजाराम तिथं खुणेसाठी दगड आणायला धावले, आप्पासाहेब त्यांच्या मागं गेले, आणि आप्पासाहेब दगड वाहताना दिसावेत हे बरं नाही म्हणून द्वारकाबाईंनी बद्रीनाथला पाठवलं.

प्रयाग पाण्याचा तांब्या घेऊन आली. "पायावर ओता. पोळले असतील."

"ओतू? तुमच्याकडं पाणी..."

"ओता. तुमच्यासाठी आज दोन घागरी काढून ठेवल्यात दादांनी. एवढा मान ह्या घरात मलाबी नाय." मग आवाज उतरवून म्हणाली, "तुम्हाला परत जायचंय ना जहाजावर?"

"जायचं तर हाय. पण खरं सांगितलं तरी कुणी ऐकेना."

"इथं खरं सांगून कुणाचं भलं झालंय? दादांना पटंल असं सांगा. म्हणावं, पायाळू माणूस पाण्यावर राहिला तरच त्याचं पायाळूपण टिकतं. जमिनीवर बसून राहिला की उतरतं."

"हे खोटं हाय."

"मग पायाला मुंग्या येतात, हे काय सरकारी गॅझेटात हाय?"

बन्सीनं तांब्या पायांवर रिकामा केला. "अन् मी दहा महिने नसंल. चालंल तुम्हाला?"

"मला बी.एड. करायचंय," प्रयाग म्हणाली, आणि तांब्या घेऊन गेली. लग्नाआधी त्या दोघांचं झालेलं बोलणं एवढंच. पुष्कळ जोडप्यांच्या मानानं त्यात स्पष्टता होती.

दगड आले. बन्सीनं स्वतःच्या पायांकडं बघत, प्रयागनं शिकवलेलं तसंच्या तसं सांगितलं. पायांवर खिळलेली ती नजर पुंजारामांनी पाहिली आणि त्यांची खात्री पटली.

"बरोबरच हाय," ते म्हणाले. "ते तिघंबी कोरडवाहूच होते. जावईबापू, तुम्ही पाण्यावरच राहा. दरसाल एक खेप इकडं यायचं, जागा दाखवायची अन् जायचं. जमिनीची अट मी मागं घेतो."

"मी तर सकाळपासून तेच म्हणतोय," आप्पासाहेब म्हणाले. "समुद्रानं आमच्या घराण्याला घडवलं."

द्वारकाबाईंना प्लॉट परत दिसू लागले. "पोराचं नशीब काढलं हो जहाजानं," त्या म्हणाल्या आणि डोळ्याला पदर लावला.

लक्ष्मीबाई एकटी बाभळीला धरून उभी होती. तिच्या एका वाक्याचं काम होतं. बन्सी पायाकडून झालाच नव्हता. चार पोरांसारखाच, डोक्याकडून, दिवसाउजेडी, काही तक्रार न करता झाला होता. त्या काळी म्हस्क्यांच्या घरात धाकट्या सुनेकडं कुणी ढुंकून बघत नव्हतं. पायाळूची आई म्हटल्यावर मात्र सासूनं महिनाभर तूप घातलं. दगडाबाई सुईण एक लुगडं घेऊन गप्प बसली आणि पुढं गप्पच मेली. आता ते एक वाक्य बोललं की, तिच्या हिशेबानं, डोक्याकडून झालेल्याला सरकारही पाण्यावर नेणार नाही आणि पोरगा जमिनीवर राहील. सुपारी मोडेल, इज्जत जाईल, जाऊ जन्मभर हसेल, पण राहील.

"माय, काय झालं?" बन्सीनं विचारलं. त्याच्या चेहऱ्यावर असं हसू तिनं तो लहान असतानाच कधीतरी पाहिलं होतं.

"काही नाय," लक्ष्मीबाई म्हणाली. "झोपताना आतल्या अंगानं झोपत जाय."

सुपारी फुटली. बन्सी तिसऱ्या दिवशी गोव्याच्या गाडीत बसला. आप्पासाहेब संघाची निवडणूक पाच गावांच्या मतांनी जिंकले. प्रयागनं बी.एड.चा प्रवेश घेतला, आणि मुलगी शिकते म्हणून आप्पासाहेबांनी तिचंही श्रेय समुद्राला दिलं.

बाभळीखालची विहीर पुंजारामांनी जूनपर्यंत पन्नास फूट खोदली. आधी मुरूम लागला, मग काळा पाषाण, मग आणखी काळा पाषाण. पुंजाराम पाटील हर्सूलला येऊन ओसरीवर बसले आणि म्हणाले, पोराचा दोष मी काढत नाही; फक्त एवढं विचारून सांगा की, तो तिकडं पाण्यावर आहे ना. आप्पासाहेबांनी छातीवर हात मारून सांगितलं, पाण्यावर म्हणजे, भर समुद्रात.

बन्सी हजर झाला त्याच आठवड्यात जहाजाच्या तळाला भोक सापडलं होतं. जहाज तेव्हापासून कोरड्या गोदीत लाकडी ठोकळ्यांवर उभं होतं, आणि बन्सी त्याच्या पोटाखाली जमिनीवर बसून गंज खरवडत होता.